पंपवाले दोघे

बाभुळगाव, १८ ऑक्टोबर

नुजहत आपा,

सलाम सगळ्यात आधी. तो राहिला तर तुम्ही पुढचं वाचणारच नाही, हे मला माहीत आहे.

तुमचं पत्र बबलूनं आणून दिलं. बबलू म्हणजे आमच्या हिरासिंगचा पोरगा. हिरासिंगचं मळणीयंत्र आहे, ट्रॅक्टरही त्याचाच, आणि मी त्यात सोयाबीन टाकणारा. यंत्र जाईल तिकडं मी. बबलू दर आठवड्याला तांड्यावर जाऊन येतो, म्हणजे तुमच्या गावावरूनच जातो. यापुढं त्याच्याकडंच देत जा. डाव्या खिशात ठेव म्हणावं, उजव्यात तंबाखूचा खर्रा असतो.

पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं आणि आधी वाटलं, कोणी गेलं की काय. मग आठवलं, जे जायचे होते ते तर गेले. तुमच्या अब्बांच्या, हाफिज्जींच्या चाळिसाव्यापासून आपण बोललो नव्हतो. मी रागावलो वगैरे नव्हतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अब्बांनी ह्याला एका सबकावर अडवून ठेवलं, पोरगा ना हाफिज झाला ना दहावी झाला." मी ताटावरून उठलो तो हात धुवायला उठलो होतो. परत यायचं राहून गेलं, एवढंच.

आता तुम्ही त्याच सबकाबद्दल, त्या धड्याबद्दल विचारता. तुमच्या शाळेच्या कमिटीनं म्हटलंय की कॉम्प्युटर आहे, सेमी इंग्रजी आहे, अरबी आहे, पण पोरं घरी जाऊन आईला उलट बोलतात, तर तरबियतचा, म्हणजे वळण लावायचा तास पाहिजे. हे वर्ष तुमच्यावर सोडलंय. नाही जमलं तर जूनपासून बाहेरून छापील पुस्तकं येणार, सद्गुणांचे धडे आणि खाली प्रश्न. आणि तुम्हाला वाटतं, अब्बा जुन्या पद्धतीनं जे करायचे ते शाळेच्या वेळापत्रकात बसवता येईल, फक्त ते नेमकं काय करायचे हे कोणीतरी सांगायला पाहिजे. "तूच सगळ्यात जास्त दिवस एका जागी बसला होतास." हा टोमणा की तारीफ, ते काही ठरलं नाही. तुम्ही वर असंही लिहिलंत की फोनवर बोलून पाठवू नको, तू भलतीकडंच जातोस, कागदावर लिही. आपा, कागदावर मी सरळ जाईन असं तुम्हाला वाटतं, म्हणजे तुम्हीच मला अक्षरं शिकवलीत हे विसरलात.

तर ऐका. हाफिज्जी सबक पुढं देत नसत, जोवर आधीचा अंगी येत नाही. पुस्तक पुस्तकाच्या जागी आणि पोरगा पोराच्या जागी, असं त्यांच्याकडं चालायचं नाही. मी कुराणातली ती छोटी सूरह घडाघडा म्हणून दाखवली, जिच्यात नमाज पढून शेजाऱ्याला किरकोळ वस्तू नाकारणाऱ्यांना सुनावलंय. एक जेर-जबर, एक काना-मात्रा इकडचा तिकडं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "जबान पे आ गया. अब हाथ में कब आएगा?" मग विचारलं, काल अंकुर तुमच्याकडं काय मागायला आला होता.

अंकुर रामरावांचा. आला होता सायकलचा पंप मागायला. माझे वडील सायकलवर कपड्याची फेरी करायचे, पंप आमच्या घरची मोठी वस्तू. मी म्हटलं होतं, वायसर गेलाय. वायसर चांगला होता.

सबक तिथंच थांबला. पुढं काय झालं ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, तुम्ही तर पडवीतून हसत होतात. मी पंप घेऊन अंकुरकडं गेलो, तो म्हणाला आता नाही लागत, हवा भरून झाली. मग कोणालाच लागेना. मी पंप घेऊन घरोघर विचारत फिरलो. आपल्या सगळ्या फुलसावंगीची चाकं कशी त्याच वेळी टणटणीत. शेवटी मी रामरावांच्या दारात उभ्या सायकलची हवा सोडली, कोपऱ्यावर जाऊन थांबलो, आणि ते बाहेर आल्यावर पंप घेऊन धावलो. "काका, द्या, मी भरून देतो." रामराव बिचारे मला आशीर्वाद देत बसले. मी तसाच धावत हाफिज्जींकडं.

त्यांनी मारलं नाही. हसले, दाढीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "पहले पंक्चर, फिर खिदमत. चल, बैठ." आणि तोच सबक पुन्हा.

ट्रॅक्टर सुरू झाला. हिरासिंग ओरडून राह्यला, "काहून रे पंपवाल्या, कोणाले लिव्हून राह्यला?" मीच एकदा त्याला हे सांगितलं होतं, तेव्हापासून इथंही हेच नाव.

तुमचा
कय्यूम


घाटंजी, १४ नोव्हेंबर

नुजहत आपा,

सलाम.

सोयाबीन आटोपलं. तूर निघेपर्यंत यंत्र झाकून ठेवलंय, आणि मी इथल्या बाजारात एका ब्लँकेटवाल्याकडं लागलोय. काम सोपं आहे, ब्लँकेट अंगावर घेऊन उभं राहायचं. दुपारी घाम येतो, पण गिऱ्हाइकाला थंडी वाटली पाहिजे. बाजूला एक कोलाम म्हातारी डिंक विकते. तिच्याशी बोलत बसलो की मालक खाकरतो. हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय कोणास ठाऊक.

तुम्ही तास सुरू केला हे वाचून बरं वाटलं. भिंतीवर तक्ता लावलात तेही वाचलं. सलाम आधी करणाऱ्याला तारा, पाणी बसून पिणाऱ्याला तारा, आणि वर्गाबाहेरचे जोडे-चपला सरळ करून ठेवणाऱ्याला मोठा तारा. ते शेवटचं तुम्ही हाफिज्जींचंच घेतलंत. मशिदीच्या पायरीवर आम्ही आलेल्यांचे जोडे फिरवून ठेवायचो, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे माणूस निघाला की पाय सरळ आत. माणसाची अकड उतरवायला दुसऱ्याच्या जोड्यापेक्षा चांगली जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं, आणि त्यांना त्यांच्या.

पण आपा, तुम्ही पुढं लिहिलं ते वाचून मी ब्लँकेटात तोंड घालून हसलो. पोरं मधल्या सुट्टीत आधी जोडे उधळतात आणि मग सरळ करतात. एकानं घरून बापाचे जुने बूट आणले, आपल्या वाटेचे जास्त व्हावेत म्हणून. दोन पोरी एका चपलेसाठी भांडल्या आणि अंगठा तुटला. चपलेचा, पोरीचा नाही. तुम्ही वैतागून लिहिलंय की ही पोरं अशी कशी.

अशीच. रामरावांच्या सायकलची हवा सोडणारी.

हाफिज्जींचा एक नियम तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही आतल्या बाजूला असायचात. जोडे फिरवायचे ते नमाजची जमात उभी राहिल्यावर, कोणी बघत नसताना, आणि पटकन रांगेत जाऊन मिळायचं. कोणी "शाब्बास बेटा" म्हणालं की त्या दिवसाचं गेलं. मला वाटायचं काय हा कंजूषपणा, शाबासकीलाही पैसे पडतात का. पण एक सांगू? ज्यांचे जोडे मी फिरवले त्यांच्याशी नंतर मला भांडताच आलं नाही. बूट बघून माणूस कळतो, टाच कुठं झिजलीय, अंगठा कुठं शिवलाय. इस्माइल चाचा मोहल्ल्यात सगळ्यांवर डाफरायचे. त्यांच्या डाव्या जोड्यात पुठ्ठा घातलेला असायचा.

मोहरमच्या खिचड्याचं आठवतं? डेगेतून वाडगे भरले की हाफिज्जी पोरं निवडायचे. ज्याच्या घराचं ज्या घराशी बोलणं बंद, त्याच पोराच्या हातात त्या घरचा वाडगा. भाषण नाही, काही नाही. "गरम है, सीधा जा." वाडगा गरम असतो म्हणून पोरगं दारात ताटकळू शकत नाही, आणि समोरच्या बाईला तो लगेच हातात घ्यावाच लागतो. रिकामा वाडगा कोणी परत पाठवत नाही, निदान मूठभर साखर तरी. झालं. आमच्या आणि तुमच्या मावशीच्या घराचं बोलणं असंच सुरू झालं.

हे वेळापत्रकात कसं बसवायचं ते मला विचारू नका. मी वेळापत्रकात कधी बसलो नाही.

कय्यूम


घाटंजी, ६ डिसेंबर

नुजहत आपा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. या खेपेला त्यात टोमणा नव्हता, म्हणून भीती वाटली.

मला समजलं ते असं. तिसरीतली उजमा, त्या बांगड्यावाल्या रेहानाची मुलगी, शाळा भरायच्या आधी येऊन शिक्षकांच्या खोलीबाहेरचे जोडे लावायची. तक्ता नव्हता तेव्हापासून. तुम्हाला वाटायचं बसंतीबाई झाडताना लावते. एक दिवस तुम्ही लवकर आलात आणि पाहिलंत. तुमचा जीव हरखला, बरोबर आहे, माझाही हरखला असता. तुम्ही तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, बिल्ला लावला, टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पोरांनी आपल्या चपला तिच्या पुढ्यात फेकल्या, "घे, लाव." आणि आता ती शाळेत येत नाही. दोनदा शिपाई पाठवला, तिची आई म्हणते पोट दुखतं. कमिटीचे सदस्य म्हणाले, बघा, म्हणूनच पुस्तकं बरी, पुस्तकानं कोणाचं पोट दुखत नाही.

तुम्ही विचारलंय, अब्बांनी काय केलं असतं.

असतं कशाला, त्यांनी केलंच होतं. तुम्हाला माहीत नाही, कारण त्या वर्षी तुम्ही पुसदला डी.एड.ला होतात.

हवा सोडल्याच्या गोष्टीनंतर बराच काळ गेला. मी तो सबक विसरलोही होतो, म्हणजे म्हणून दाखवायचं विसरलो होतो. पंप मात्र दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवू लागलो होतो, कोणीही न्यावा. वडील ओरडायचे, मग तेही थांबले. हे हाफिज्जींच्या नजरेत आलं. आणि एका जुम्म्याला बयानात त्यांच्या तोंडून निघून गेलं की बघा, आपल्या कय्यूमनं पंप सगळ्यांसाठी दाराबाहेर ठेवलाय. सगळे वळून बघायला लागले. माझे कान तापले. बाहेर पडल्या पडल्या पोरांनी धरलं, "ओ पंपवाले, हवा भर." कोणी गालात हवा भरून दाखवी, कोणी पोटावर बोट ठेवून सूंऽ करी. मी पंप घरात नेऊन पलंगाखाली टाकला आणि त्यांच्या मकतबात शिकायला जाणं सोडलं.

त्यांनी बोलावणं पाठवलं नाही. काही दिवसांनी असरच्या नमाजनंतर स्वतःच आले. आमच्या घरात तेव्हा एकच खुर्ची, अम्मीनं ती पुढं केली, पण ते उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता विचारणार, का येत नाहीस. ते त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले,

"बेटा, वो तेरी और अल्लाह की बात थी. मैंने उठा के बाजार में रख दी. माफ कर दे."

आपा, माझ्या वडिलांनीही माझी कधी माफी मागितली नव्हती. मागायचं कारणही नव्हतं, पण मागितली नव्हती. मी म्हटलं, जी. बस, एवढंच. जी.

मग त्यांनी विचारलं, "पंप मिलेगा? कल लौटा दूंगा."

हाफिज्जींकडं सायकल नव्हती. कधीच नव्हती. त्यांना चालवताही येत नव्हती, हे तर तुम्हीच सांगायचात. मी पलंगाखालून पंप काढला, धूळ पुसली, दिला. त्यांनी तो खांद्यावर घेतला, मळकी शाल सारखी केली, आणि निघाले. सरळ घरी नाही गेले. चौकातून, पानठेल्यावरून, मशिदीच्या पायरीपाशी पोरं गोट्या खेळत होती त्यांच्यामधून. मी दारातून बघत होतो. कोणीतरी विचारलं, "हाफिज्जी, पंप कायले?" ते म्हणाले, "काम है." दुसऱ्यानं विचारलं, सायकल घेतली का. "नहीं." आणि पुढं. सगळा मोहल्ला बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पंप त्यांच्या बैठकीत भिंतीला टेकलेला होता. कोणी मला चिडवलं नाही. चिडवायचं तर आता पंपवाले दोघे होते, आणि एकाला चिडवायची कोणाची छाती नव्हती.

तर मला ठाऊक असलेलं एवढंच आहे. पोरगी शाळेत कशी येईल ते मला नाही माहीत. तिला आणायला म्हणून जाऊ नका, हे मात्र वाटतं. ते आणायला आले नव्हते.

कय्यूम


आर्णी, ११ जानेवारी

आपा,

दोनच ओळी. तुरीचा हंगाम सुरू झाला, तुरीचा भुसा कानात, नाकात, चहात. हिरासिंगला ताप आहे तरी तो यंत्रावरून हलत नाही, बायको फोनवर रडते म्हणून फोन माझ्याकडं दिलाय. बसंतीबाई त्याची बहीण लागते, तुमच्या शाळेतली. त्यांच्यात पण किती दिवसांचं बोलणं बंद होतं, तापामुळं सुरू झालं. हेही खिचड्यासारखंच झालं.

तुम्ही गेलात, हे वाचलं. रेहानाच्या घरी जाऊन तुम्ही काय बोललात ते लिहिलं नाही, आणि मी विचारणार नाही. फक्त एवढं लिहिलंत की निघताना उजमाकडून हिरव्या बांगड्या मागून घेतल्या, उसन्या, आणि हेडमास्तरीण असून त्या घालून शाळेत गेलात, एका हातात हिरव्या, दुसऱ्यात तुमच्या नेहमीच्या. शिक्षिकांनी विचारलं, तुम्ही म्हणालात, काम आहे.

मी हे यंत्राच्या आवाजात वाचलं. चांगलं झालं. नाहीतर हिरासिंगनं विचारलं असतं, तुले काय झालं.

आणि ते दुसरं जे लिहिलंत, की जूनपासून मी यावं, तास घ्यावा, पगाराचं कमिटी बघेल. आपा, मी कुठं एका जागी. तुम्हीच म्हणालात ना, ना हाफिज ना दहावी. हे मी रागानं नाही लिहीत. थोडं लिहितोय.

क.


फुलसावंगी फाटा, ९ फेब्रुवारी

नुजहत आपा,

सलाम.

आज मी तुमच्या शाळेत येऊन गेलो. तुम्ही कामानं महागावला गेला होतात. बसंतीबाईला हिरासिंगचं औषध पोहोचवायचं होतं, म्हणून आलो. खोटं कशाला, औषध बबलूही नेऊ शकत होता.

शाळा पाहिली. तक्ता काढलाय, भिंतीवर त्याच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन राहिलाय, बाकी भिंत पिवळी. व्हरांड्यात ओळीनं चपला होत्या. रबरी, प्लास्टिकच्या, एकीला तारेनं शिवलेलं. सगळ्यांची तोंडं फाटकाकडं. मी येताना मनात आणलं होतं की कोणी नसताना ह्या लावून ठेवीन आणि निघून जाईन, तुम्हाला कळणारही नाही. माझ्यासाठी एकही ठेवली नव्हती.

आत पोरं सबक म्हणत होती, तोच, किरकोळ वस्तूंचा. मी माझ्या चपला सवयीप्रमाणं काढल्या, एक पंजाबात, एक मद्रासात, आणि खांबाला टेकून ऐकत बसलो. एक पोरगी मध्येच अडखळायची. बाई म्हणायच्या, सावकाश. उजमा कोणती ते मला माहीत नाही. विचारलं नाही. मध्येच डोळा लागला, कारण यंत्र थांबलं की मला झोपच येते.

उठलो तर माझ्या चपला पायरीशी होत्या. जोडीनं, तोंडं बाहेर, धूळही झटकलेली.

बसंतीबाई तिकडं झाडत होती. मी नुसतं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "माह्याकडं काय पाह्यतं, बापू? म्या नाही केलं." वर्गातून कोणी मान वर करून बघत नव्हतं. सगळ्यांची डोकी खाली.

आपा, मी किती गावच्या लोकांचे जोडे बघितले. माझ्या चपलेची टाच कुठून झिजलीय, ते कोणीतरी आज हातात घेऊन पाहिलं. मला त्यात पाय घालता येईना. तसाच उभा राहिलो. फाट्यावरून हिरासिंगचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग त्यानं नाद सोडला. मग मी एकेक पाय घातला. तुमच्या अब्बांनी मला एका जागी का बसवून ठेवलं होतं, हे मी तेव्हा समजलो, असं लिहिलं तर ते फार मोठं होईल. पण ते वाया गेलं नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. तुम्हाला ते कळायला पाहिजे होतं, मला नाही, असं मी आजवर समजत होतो.

तूर आटोपली की येतो. रमजानच्या आधी. जूनची वाट कशाला. कमिटीला सांगा, माझ्याकडं सर्टिफिकेट नाही, आणि तासाला धडा नसेल. पगाराचं तुम्ही बघा.

येताना पंप आणतो. वडिलांचाच आहे, वायसर नवा टाकलाय. व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवू. कोणी मागितला तर द्यायचा. नाही मागितला तर राहू द्यायचा. तास एवढाच.

तुमचा
कय्यूम